तबकड्यांची फेरिस्त

आमच्या सार्वजनिक वाचनालयाने ग्रंथांच्या जोडीला ध्वनिमुद्रिकांचाही एक विभाग चालवावा असा ठराव पूर्वी कधीतरी संमत झाला होता, आणि त्या ठरावाच्या आधारे दरसाल अंदाजपत्रकात एक लहानशी रक्कम बाजूस काढण्याची वहिवाटही पडून गेली होती. परंतु ती खर्ची घालण्याची वेळ आली की ख्याल, नाट्यसंगीत आणि अभंग यांच्यापलीकडे कोणाची नजर सहसा जात नसे. यंदा कार्यकारी मंडळाने जॅझ, देशोदेशीचे ठेक्याचे संगीत आणि चित्रपटसंगीत या तीन प्रकारांतील अलीकडच्या मुद्रिका घ्याव्यात असे ठरविले, आणि त्यांची फेरिस्त तयार करण्यासाठी ज्यांचे एकमत झाल्याचे कोणाच्याही ऐकिवात नाही असे दोन सभासद नेमले. त्यांतील एक दिवाणी न्यायालयात हयात घालविलेले वकीलसाहेब, ज्यांच्या घरी कायद्याच्या ग्रंथांपेक्षा तबकड्याच अधिक आहेत. आणि दुसरे आमचे पेटीवाले मास्तर, ज्यांनी अनेक शिष्य तयार केले आणि त्याहून अधिक तबलजींना लेहरा धरून दिला. चिटणीस या नात्याने टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. टिपण कोरडे असावे असा संकेत आहे. हे तसे राहिले नाही.

मास्तर : माझी पहिली हरकत शिफारशीच्या या कामालाच आहे. जी वस्तू बाजारात येऊन अद्याप पुरते वर्ष झाले नाही तिच्याविषयी जाणत्या माणसाने बोलू नये. मी शिष्याला एका रागात वर्षभर ठेवतो, आणि एवढे करूनही त्याला तो राग समजला असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. आणि तुम्ही महिन्याकाठी दहा-वीस अल्बम ऐकून त्यांना उत्तम, मध्यम असे शेरे देणार! हे दुकानदाराचे काम झाले. काळाच्या चाळणीतून जे खाली उतरेल तेवढेच वाचनालयाने घ्यावे.

वकीलसाहेब : मास्तर, तुम्ही काळाला न्यायाधीश मानता. मी त्याला फार तर बेलिफ मानीन; ज्याच्या घराचा पत्ता त्याला ठाऊक असेल त्याच्यावर तो समन्स बजावतो, आणि इतरांच्या नावापुढे ‘मिळून आला नाही’ असे लिहून परत येतो. तुमच्या मुंबईचाच दाखला देतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी जपानी कंपनीची तीन विजेवर चालणारी यंत्रे घेतली, त्यांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले आणि एच. एम. व्ही.ने त्याची तबकडी काढली. तिला कोणी विचारले नाही. पुढे पाच वर्षांनी शिकागोत तशाच एका यंत्रातून निघालेल्या नादावर नृत्यसंगीताचा एक नवा संप्रदाय उभा राहिला, आणि तो जगभर पसरला तरी आपल्या दहा रागांची कोणाला आठवण झाली नाही. २०१० साली नेदरलँड्समधील एका चोखंदळ संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली तेव्हा ऐकणारे थक्क झाले. आता सांगा, त्या अठ्ठावीस वर्षांत तुमची चाळणी कुठे होती?

मास्तर : चाळणी जागेवरच होती. ललतातील दोन मध्यमांचा जो गूढ संधिप्रकाश आहे तो ज्या क्षणी एकसारख्या ठोक्याला जुंपला गेला त्याच क्षणी त्यातला ललत निघून गेला, आणि ऐकणाऱ्यांनी ती तबकडी खाली ठेवली. यात अन्याय कोणता?

वकीलसाहेब : ते यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, आणि त्यामुळे कित्येक ठिकाणी मींडेचा भास होतो, हे तर तुम्ही कबूल कराल?

मास्तर : भास होतो हे कबूल. परंतु मींड म्हणजे दोन स्वरांमधील घसरगुंडी नव्हे. वाटेत लागणाऱ्या श्रुतींना ओळख देत जाणे हे तिचे काम आहे, आणि यंत्राला वाटेत कोणीच ओळखीचे भेटत नाही. तरीही ती तबकडी घ्यावी अशी माझी सूचना आहे. राग म्हणून नव्हे. चित्रपटाच्या वाद्यवृंदात दुसऱ्याच्या चाली वाजविण्यात आयुष्य घालविणाऱ्या एका माणसाने एकदा स्वतःसाठी काय वाजविले याचा तो पुरावा आहे म्हणून.

मास्तरांची ही सवय आहे. तत्त्वतः नाकारलेली वस्तू ते व्यवहारात मागच्या दाराने आत घेतात, आणि वकीलसाहेबांना जिंकल्याचे समाधान मात्र मिळू देत नाहीत.

वकीलसाहेबांनी मग लगोलग दुसरा दस्तऐवज रुजू केला. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन याने ६ मार्च १९६३ रोजी न्यू जर्सीतील व्हॅन गेल्डर यांच्या ध्वनिमुद्रणगृहात आपल्या तीन साथीदारांसह एक अख्खे सत्र मुद्रित केले. त्याची मूळ फीत नष्ट झाली, परंतु एक प्रत त्याच्या पहिल्या पत्नीच्या, नायमाच्या, कुटुंबीयांकडे राहिली होती, आणि तिच्यावरून ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ हा अल्बम २०१८ साली प्रसिद्ध झाला. हा अल्बम नवा म्हणावयाचा की जुना, असा त्यांचा सवाल होता. आणि जुना म्हणावयाचा तर पंचावन्न वर्षे ज्याला एकही श्रोता मिळाला नाही त्याची कसोटी कोणत्या काळाने घेतली? मास्तरांनी यावर उत्तर दिले ते मला अद्याप पटते. ते म्हणाले की कोल्ट्रेन या माणसाची कसोटी झालेली आहे, आणि गायक ओळखीचा असला म्हणजे त्याची नवी चीज ऐकताना आपण कोरे नसतो; अडचण येते ती अनोळखी माणसाच्या वेळी. वकीलसाहेब म्हणाले की शिफारशीची गरजही नेमकी तेव्हाच असते.

मास्तर : बरे, अनोळखी माणसे आणा.

वकीलसाहेब : इथिओपियाचे मुलातू अस्तात्के घ्या. वेल्स, लंडन आणि बोस्टन येथे शिकून आलेल्या या गृहस्थांनी आपल्या देशातील पंचस्वरी सुरावटी आणि जॅझची वाद्ये यांचा असा संयोग केला की त्याला स्वतंत्र नावच पडले, इथिओ-जॅझ. सत्तरच्या दशकात अदिस अबाबात जे मुद्रित झाले ते बाहेरच्या जगाला कळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. एका फ्रेंच संस्थेच्या ‘इथिओपिक्स’ मालिकेचा चौथा खंड त्यांच्या वाट्याला आला. आणि सर्वसामान्य माणसाच्या कानांपर्यंत ते संगीत नेले एका चित्रपटाने. २००५ सालच्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’मध्ये नायक प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा इथिओपियन शेजारी गाडीत ऐकण्यासाठी म्हणून गाण्यांची एक तबकडी त्याच्या हाती ठेवतो, आणि मग चित्रपटभर ती वाजत राहते. शेजाऱ्याने केलेली शिफारस, मास्तर! ती दुकानदारी म्हणता येईल काय?

मास्तर : शेजाऱ्याला नायकाचा स्वभाव ठाऊक होता. तुम्हाला वाचनालयाच्या सर्व सभासदांचे स्वभाव ठाऊक आहेत?

या प्रश्नावर वकीलसाहेब प्रथमच क्षणभर थांबले. मग त्यांनी ‘मुलातू प्लेज मुलातू’ हा २०२५ सालचा अल्बम लावला, ज्यात ऐंशी उलटलेले मुलातू आपल्याच जुन्या रचना पुन्हा वाजवतात, आणि इंग्लंडमधील त्यांच्या वाद्यवृंदाच्या जोडीला अदिस अबाबातील वादक क्रार, मासिन्को अशी तिकडची तंतुवाद्ये घेऊन बसलेले आहेत. धातूच्या पट्ट्यांवर हलक्या काठ्यांनी काढलेला व्हायब्राफोनचा तो थरथरता नाद खोलीत भरला आणि मास्तरांचा उजवा हात, त्यांच्या नकळत असावे, गुडघ्यावर पेटीच्या पट्ट्या शोधू लागला.

मास्तर : हे स्वर तर भूपाचे आहेत.

वकीलसाहेब : तिकडे या सुरावटीला तिझिता म्हणतात. तिच्या एका रूपाचे पाच स्वर तुमच्या भूपाचेच.

मास्तर : स्वर भूपाचे, म्हणून काय झाले? देशकाराचेही स्वर तेच आहेत. भूपाचा जीव गांधारावर, देशकाराचा धैवतावर. एवढ्या फरकाने एक राग संध्याकाळी येतो आणि दुसरा सकाळी. तुमची तिझिता कुठे विसावते ते मला चार दिवस ऐकल्यावाचून सांगता येणार नाही. मात्र एक सांगतो, हा मनुष्य घाई करीत नाही. जुनी चीज उतारवयात पुन्हा मांडणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि ही रीत पाळणारा माणूस मला अनोळखी वाटत नाही.

टिपणात मी ‘मान्य’ असे लिहिले. मास्तरांनी ते खोडून ‘पुनर्श्रवणार्थ राखून’ असे लिहावयास लावले.

चित्रपटसंगीतावर मात्र खरी खडाजंगी झाली. मास्तरांचे म्हणणे असे की पार्श्वसंगीत ही चित्राची चाकरी आहे. चित्र काढून घेतले की उरते ती धन्यावाचूनची चाकरी, आणि असे संगीत अल्बम म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक होय. वकीलसाहेब या आरोपाची जणू वाटच पाहत होते. त्यांनी ४ डिसेंबर १९५७ च्या रात्रीची पॅरिसमधील हकीकत सांगितली. लुई माल हा तरुण दिग्दर्शक, त्याचा ‘असाँसर पूर लेशाफो’ हा पहिला कथापट, आणि दौऱ्यानिमित्त त्या नगरीत आलेला जॅझवादक माइल्स डेव्हिस. ध्वनिमुद्रणगृहात पडद्यावर चित्रपटातील निवडक प्रसंग पुनःपुन्हा दाखविण्यात येत होते, नायिका जान मोरो रात्रीच्या रस्त्यांतून आपल्या प्रियकराचा शोध घेत हिंडत होती, आणि डेव्हिस व त्याचे चार साथीदार, ज्यांच्यापैकी केनी क्लार्कवाचून सारे युरोपातले होते, स्वरसंगतीच्या दोन-चार सूचनांपलीकडे काहीही लिहून न घेता पडद्याकडे पाहत ते संगीत तिथल्या तिथे रचीत होते. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘ते आज कोणीही चित्रपट न पाहता ऐकतो, आणि त्याला रात्रही दिसते व ती स्त्रीही दिसते. चाकरी संपली आणि चाकर उभा राहिला आहे. काय म्हणणे आहे?’’

मास्तर : माझे म्हणणे एवढेच की तुम्ही उदाहरण चित्रपटसंगीताचे म्हणून दिले, परंतु सिद्ध केली ती जॅझची महती. त्या रात्री जे घडले ते मैफलीत घडते तसे घडले; पडदा हा फक्त समोर बसलेला श्रोता होता. शेकडा नव्वद चित्रपटांत असे घडत नाही.

मला वाटते हा मुद्दा मास्तरांनी जिंकला. मात्र वकीलसाहेब हार लिहून देणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी २०२५ सालच्या ‘सिनर्स’ या चित्रपटाची मुद्रिका काढली. कथानक १९३२ सालच्या मिसिसिपी खोऱ्यातील, दिग्दर्शक रायन कूगलर, संगीतकार स्वीडनचा लुडविग योरान्सन, ज्याने ‘ब्लॅक पँथर’साठी सेनेगलपर्यंत जाऊन तिकडच्या वादकांची संगत धरली होती. या चित्रपटात एका कोवळ्या ब्लूज-गायकाच्या एकाच गाण्यात आफ्रिकेतील पूर्वजांचे ढोल आणि पुढच्या पिढ्यांची विजेची गिटार एकत्र येतात, आणि गेलेला व येणारा काळ नाचू लागतो. वकीलसाहेबांनी या प्रसंगाचे वर्णन असे केले की ऐकणाऱ्याने तिकीट काढावे. मग ते गाणे चित्राविना ऐकले. मला ते रसरशीत पण गर्दीचे वाटले. डोळ्यांसमोर ती नाचणारी माणसे नसल्यामुळे एकामागून एक येणारी वाद्ये कशासाठी आली ते कळेना. मास्तर बोलले नाहीत, आणि त्यांचे न बोलणे वकीलसाहेबांना अधिक झोंबले. फेरिस्तीत मुद्रिका राहिली, परंतु ‘चित्रपट पाहिलेल्यांसाठी’ अशा शेऱ्यासह.

‘शक्ती’ या मंडळीचा २०२३ सालचा ‘धिस मोमेंट’ दोघांनाही नाकारता येण्यासारखा नव्हता. माहिमचे झाकीर हुसेन आता आपल्यात नाहीत, आणि त्यांच्या हातची जी शेवटची मोठी कामे राहिली त्यांपैकी हे एक आहे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि गायक शंकर महादेवन हेही त्यात आहेत. सहकारी वेगवेगळ्या खंडांत बसून संगणकावाटे आपापले वादन एकमेकांना धाडीत होते, हे कळल्यावर मास्तरांनी ‘टपालाने पाठविलेली दाद’ असा शेरा मारला, पण मुद्रिका मान्य केली.

यानंतर वाद ज्या वळणावर गेला त्याची मला अपेक्षा नव्हती. वकीलसाहेबांनी लंडनच्या एझ्रा कलेक्टिव्ह या पंचकाचा ‘डान्स, नो वन्स वॉचिंग’ हा २०२४ सालचा अल्बम पुढे केला, आणि मास्तरांनी तो ऐकण्याआधीच विचारले की ही मुले शिकली कुणाकडे.

वकीलसाहेब : हा प्रश्न मला आवडला. लंडनमध्ये गॅरी क्रॉस्बी नावाचे एक बासवादक आहेत. त्यांनी आणि जॅनीन आयरन्स यांनी १९९१ साली ‘टुमॉरोज वॉरियर्स’ नावाची संस्था काढली, जिथे ज्यांच्या घरी वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही अशा मुलांनाही विनामूल्य शिकवितात. या पंचकातील मुले तिथे एकमेकांना भेटली. त्यांच्या घरांतून नायजेरियाचा आणि कॅरिबियन बेटांचा ठेका आला, संस्थेतून जॅझची शिस्त आली, आणि २०२३ साली इंग्लंडचे मर्क्युरी पारितोषिक जॅझ वाजविणाऱ्यांना प्रथमच मिळाले ते यांना. मी अल्बमची शिफारस करतो तेव्हा, मास्तर, एका शाळेची शिफारस करीत असतो.

मास्तर : मग आपल्याकडच्या शाळेचे नाव का घेत नाही? गोव्यात पोर्तुगिजांच्या अमदानीत चर्चच्या आवारातील शाळांतून गावोगावच्या मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत, व्हायोलिन हाती देत. हेतू उपासनेचा होता. पण ती मुले मुंबईस आली, रात्री ताजमहाल हॉटेलात अमेरिकन वादकांच्या मांडीला मांडी लावून जॅझ वाजवू लागली, आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी १९५१ साली ‘अलबेला’त जी धमाल उडविली ती चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकावाचून उडाली असती काय? सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही माणसे इतरांच्या चालींना वाद्यवृंद बांधून देत होती, आणि पडद्यावर त्यांचे नावही क्वचित येई. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी रईस खाँसाहेबांची सतार घेऊन अकरा रागांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली तीही याच शाळेच्या जोरावर. जॅझ आणि चित्रपटसंगीत ही तुमच्या फेरिस्तीत दोन कलमे आहेत. मुंबईत ती एकाच माणसाच्या दिवसाचे दोन प्रहर होते.

वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसले त्याला पराभव म्हणावे की आनंद, हे ठरविणे मला शक्य झाले नाही. इतका वेळ नव्याला विरोध करणाऱ्या माणसाने त्यांच्या पक्षाची सर्वांत भक्कम कैफियत स्वतःच मांडली होती. कारण १९५१ सालच्या कोणत्याही जाणत्या मास्तराने ‘अलबेला’ला काळाची चाळणी लावून थांबावयास सांगितले असते, आणि ती गाणी गल्लीबोळांतील पोरांच्या तोंडच्या शिफारशीवर जगली.

सारथी कोरवार यांचे नावही मग ओघाने निघाले. अहमदाबाद व चेन्नई येथे वाढलेले, पुण्यात तबला शिकलेले आणि लंडनमध्ये स्थिरावलेले हे वादक. गुजरातेतील रतनपूरच्या सिद्दी मंडळींचे गाणे व ढोल मुद्रित करून त्यावर त्यांनी ‘डे टू डे’ रचला, आणि २०२२ च्या ‘कलक’मध्ये तालाचे आवर्तन केवळ कल्पनेत न ठेवता कागदावर वर्तुळ काढून त्यावरून वाजविले. मास्तरांना ती वर्तुळाची कल्पना फार भावली. त्यांनी कागद मागून घेतला, त्रिताल वर्तुळात लिहून पाहिला, आणि सम व खाली बरोबर समोरासमोर येतात हे दाखवून कागद खिशात घातला.

शेवटी ‘प्रॉमिसेस’ लागला. २०२१ सालचा हा अल्बम, एकंदर सेहेचाळीस मिनिटांचा आणि नऊ भागांचा, सॅम शेफर्ड या इंग्लिश संगीतकाराने फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने रचला. सॅक्सोफोनवर तेव्हा ऐंशीच्या आसपास असलेले फॅरो सँडर्स, एके काळचे कोल्ट्रेनचे सहकारी, आणि मागे लंडनचा सिंफनी वाद्यवृंद. सुरुवातीसच सात स्वरांचा एक चिमुकला वाक्यखंड येतो आणि तो जवळजवळ अखेरपर्यंत हटत नाही. मास्तर पाच मिनिटांत ताठ बसले.

मास्तर : हा लेहरा आहे.

वकीलसाहेब : मी तेच म्हणणार होतो.

मास्तर : नाही, थांबा, लेहरा नव्हे. लेहऱ्याला आवर्तन असते, तो तबलजीला सम दाखवितो. इथे सम नाही. हा नुसता वाट पाहतो आहे. पण लेहरा देणाऱ्याचे जे खरे कष्ट असतात ते मात्र यात आहेत. समोरचा कितीही उंच गेला तरी आपण जागचे हलायचे नाही, आणि कंटाळा येऊ द्यायचा नाही. हे फार थोड्यांना जमते.

चौथ्या भागात सँडर्स वाद्य बाजूस ठेवून तोंडाने अस्फुट काही पुटपुटतात, आणि सहाव्यात तंतुवाद्यांचा लोंढा असा येतो की खोली लहान वाटू लागते. मधे कोणी बोलले नाही. संपल्यावर मास्तरांनी स्वतःच टिपणवही ओढून घेतली आणि पहिल्या क्रमांकावर हे नाव घातले. मात्र खाली अट लिहिली की या फेरिस्तीतील कोणतीही मुद्रिका सभासदाने तुकड्या-तुकड्याने ऐकू नये, एका बैठकीत सबंध ऐकावी, आणि पंधरवड्यात तीच दुसऱ्यांदा ऐकल्याखेरीज नवी मुद्रिका त्याला देऊ नये.

वकीलसाहेब : अट मंजूर. एझ्रा कलेक्टिव्हपुरता मात्र अपवाद करा.

मास्तर : अपवाद कशाबद्दल?

वकीलसाहेब : बैठकीबद्दल. ते उभे राहून ऐकायचे आहे, आणि नुसते उभे राहूनही भागणार नाही.

मास्तर : मग माझ्या गुडघ्यांची तरतूद अंदाजपत्रकात करा.